पाकीट फोडण्यापूर्वी

मराठीत पत्र उघडण्यापेक्षा 'फोडण्या'चाच प्रघात अधिक. नारळ फोडतात, कोंडी फोडतात, बातमी फोडतात, एखाद्या अन्यायाला वाचा फोडतात. त्याच क्रियापदाच्या घरात पत्रही राहते. फोडलेली वस्तू पूर्ववत होत नाही, हा या सगळ्या प्रयोगांमधला समान अर्थ. दुसऱ्याचे पत्र फोडणे हे आपल्याकडे जवळजवळ चोरीत जमा होते आणि स्वतःच्या नावचे पत्र फोडणे हाही एक निर्णय होता. तो निर्णय माणूस कशाच्या आधारावर घेतो? आतला मजकूर तर अजून दिसलेला नसतो. समोर असतो तो फक्त कागदाचा एक चौकोन, त्यावरचे अक्षर, तिकीट, शिक्का आणि डाव्या कोपऱ्यातले पाठवणाऱ्याचे नाव. एवढ्या सामग्रीवर वाचनाची पहिली क्रिया पार पडते. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आपण मंडळींनी या पहिल्या वाचनाकडे फारसे लक्ष दिलेले नाही, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

या चौकोनाला मराठीत नावे तरी किती! 'लखोटा' हा शब्द उच्चारला की लाखेचा वास येतो. त्यात गुप्ततेचा आणि अधिकाराचा भाव आहे. 'खलिता' हा राजेरजवाड्यांचा. तो किनखापी थैलीतून यायचा आणि थैलीच्या भरजरीपणावरून पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दर्जा ठरायचा. 'पाकीट' इंग्रजीतून आले आणि इतके घरचे झाले की खिशातल्या पैशांच्या घडीलाही आपण तेच नाव दिले. आमच्या मराठवाड्यात मात्र 'लिफाफा' अधिक चाले. हा शब्द मूळचा अरबी, गुंडाळण्याचा अर्थ सांगणारा. मृतदेहाला गुंडाळायच्या कफनातल्या सर्वांत बाहेरच्या वस्त्रालाही लिफाफा म्हणतात, हे मला एका मुस्लीम सहकाऱ्याकडून कळले आणि तेव्हापासून त्या शब्दाचे वजन माझ्यापुरते बदलले. उर्दू शायरीत लिफाफा पाहूनच मजकूर ओळखण्याची कल्पना मुरलेली आहे. ती केवळ शायराची चमत्कृती नसून टपालाच्या जगाचा रोजचा व्यवहार होता.

माझे माहेर कुरुंद्याचे. १९८०–९०च्या दशकांत तिथल्या घरात वाढताना पत्र वाचण्याआधी ते ओळखण्याचे शिक्षण आम्हां मुलांना न शिकवता मिळाले. पोस्टकार्ड आले की आजी आधी त्याचे चारही कोपरे पाही. कोपरा फाडलेला असेल तर ते कार्ड उंबऱ्याच्या आत येत नसे. कोणीतरी बाहेरच वाची आणि वाचून झाल्यावर फाडून टाकी. अशा कार्डाच्या माथ्यावर 'श्री' नसे. उलट ज्या पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे लागलेली असत ते थेट देवापुढे जाई. लग्न कोणाचे हे कळण्याआधी लग्न आहे हे कळलेले असे. आंतर्देशीय पत्र म्हणजे निवांत ख्यालीखुशाली. हे निळे पत्र भारतीय टपालात १९५० साली आले; त्याला घडी आणि पाकीट एकच, त्यामुळे घाईने फोडले तर मजकुराची एक ओळ फाटलीच म्हणून समजावे. तार आली की वाचण्याआधीच रडे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. आमच्या भागातल्या जुन्या बायकांना मात्र त्या खात्याविषयी प्रेम असण्याचे काही कारण नव्हते.

यांत सर्वांत बोलके असे ते 'बेरंग' पत्र, म्हणजे तिकीट न लावलेले किंवा कमी लावलेले. त्याचे पैसे घेणाऱ्याने भरायचे, तेही दुपटीने. आजी सांगे की अशा पत्राच्या वेळी घरातली माणसे पोस्टमनच्या हातातले पाकीट उलटसुलट करून बघत, अक्षर ओळखण्याचा प्रयत्न करत आणि मगच पैसे काढत किंवा 'नको' म्हणत. पाकिटाचा बाह्य भाग मजकुराची किंमत कशी ठरवतो याचे याहून शुद्ध उदाहरण मला माहीत नाही. पाकीट उघडण्याचा निर्णय इथे अक्षरशः पैशांत मोजला जात होता.

पत्ता हीही वाचण्याचीच गोष्ट. 'मु. पो. कुरुंदा, ता. वसमत, जि. परभणी' ही ओळ मी लहानपणी इतक्यांदा लिहिली की ती मला एखाद्या ओवीसारखी पाठ होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ओळीचा शेवट बदलला. तरीही कितीतरी वर्षे बाहेरगावी गेलेल्यांच्या पत्रांवर 'जि. परभणी'च येत राहिले. गाव सोडून गेलेल्या माणसाच्या मनात गावाचा पत्ता तो सोडून गेला त्या वर्षी थांबलेला असतो. तालुक्याचे नाव कोणी 'वसमत' लिही, कोणी 'बसमत'. अर्धवट पत्त्याचे एखादे पत्र आधी कुरुंदवाडचे पाणी पिऊन मगच आपल्याकडे येते, अशी थट्टा म्हातारी माणसे करत. आणि नरहर कुरुंदकरांचे हे मूळ गाव असल्याने आमच्या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोचले ते एका आडनावाच्या पोटात बसून. 'कुरुंदकर' हे आडनाव म्हणजे नावाला कायमचा जोडलेला पत्ताच. ते नांदेडला शिकवत होते, महाराष्ट्रभर बोलत होते, पण नाव उच्चारणारा प्रत्येक जण नकळत पाकिटावरची शेवटची ओळ उच्चारत होता.

त्याच्याही आधीचा काळ निजामाचा. हैदराबाद संस्थानाचे टपाल स्वतंत्र होते आणि ते १९५० साली भारतीय टपालात विलीन झाले. त्या संस्थानाच्या जुन्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांतून किंमत लिहिलेली दिसते. बोटाच्या पेराएवढ्या कागदावर चार भाषा दाटीवाटीने बसलेल्या. प्रजा काय वाचते याची राज्यकर्त्याला दखल घ्यावी लागते आणि ती दखल तिकिटावर उमटते. पुढे सबंध देशापुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला: नाना लिप्या, एकाच नावाची अनेक गावे, न लागणारी अक्षरे. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिनकोड आला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी-नाटककार होते, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. वृत्तात गण बसवणाऱ्या माणसाने देशाचे पत्ते सहा स्थानांत बसवावेत, यात मला एक आंतरिक सुसंगती दिसते. विद्यार्थ्यांना ती दिसतेच असे नाही. परंतु त्या दिवशी ते आपापल्या गावाचा पिनकोड आठवून पाहतात. हिंगोली, परभणी, नांदेड या आमच्या पट्ट्याचा आरंभ ४३१ने होतो.

इतके सगळे असूनही साहित्याने पाकीट जपलेले नाही. मराठीत पत्रसंग्रहांची परंपरा समृद्ध आहे. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' आहेत, जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे खंड आहेत. या संग्रहांत मायना असतो, तारीख असते, टीपा असतात, पाकीट नसते. संपादकाच्या हाती पत्र येईपर्यंत ते बहुधा केव्हाच केरात गेलेले असते. पण पत्र ज्याला आले त्याने ते कुठल्या क्षणी, काय अपेक्षा बाळगून फोडले, याचा सगळा पुरावा त्या केरातच असतो. फ्रेंच समीक्षक जेरार झेनेत यांनी १९८७ साली 'सय' या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा संहितेच्या उंबरठ्यावरच्या घटकांचा विचार केला आणि पुढे साहित्याच्या अभ्यासात तो रूढ झाला. ग्रंथनामाचा अर्थच मुळी 'उंबरठे' असा आहे. आमच्या आजीला झेनेत ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचे की नाही हे ती बाहेरच ठरवत होती.

आपल्या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध पत्र तर कोरेच होते. चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते; वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा लागतो. मायन्याचाच निर्णय होईना, म्हणून त्यांनी कोरा कागद पाठवला, अशी आख्यायिका आहे. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' निर्माण झाली. या कथेचा आध्यात्मिक अर्थ अधिकारी मंडळी सांगतील. टपालाच्या बाजूने पाहिले तर तिच्यातून एवढेच दिसते की मजकूर शून्य असला तरी कोणाकडून आणि कोणाला, या दोन गोष्टी शाबूत असतील तर पत्र वाचले जाते, त्याला उत्तरही मिळते. मजकूर भरपूर असून या दोन गोष्टी संशयास्पद असतील तर काय होते, हे पुढच्या काळात न मागता येणाऱ्या टपालाने दाखवून दिले.

न मागता येणारे टपाल हीही नवी गोष्ट नव्हे. 'हे पत्र मिळताच अमुक जणांना पाठवा, न पाठविल्यास अनिष्ट घडेल' अशी देवादिकांच्या नावाची पोस्टकार्डे आमच्याकडे नेमाने येत आणि पोस्टकार्डाला पाकीटच नसल्यामुळे न वाचण्याची सोयही नसे. कोडे सोडवून ट्रान्झिस्टर जिंकणाऱ्यांना 'अभिनंदन!' असे छापलेले पाकीट येई आणि मागोमाग व्ही.पी.चे पार्सल. गावातल्या एका पोराने सोडवून घेतलेल्या अशा पार्सलातून विटेचे तुकडे निघाले होते. त्यांच्याच शेजारी सभ्य पाहुणेही असत. प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रके बुक-पोस्टाने येत. बुक-पोस्टाचे पाकीट नियमानेच न चिकटवलेले, त्यामुळे त्याला लपवण्यासारखे काही नाही हे आधीच कळे. तोंडाने आणि पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची शुभेच्छापत्रे येत. सोबतच्या चिठ्ठीत पैसे पाठवण्याची विनंती असे. आई ती कार्डे परतही पाठवू शकत नसे आणि फुकट वापरूही शकत नसे. शेवटी मनीऑर्डर करी.

पाकीट फोडायला लावण्याचे शास्त्र परदेशात फार पुढे गेले आहे. अमेरिकेत 'रीडर्स डायजेस्ट'ने १९५०च्या दशकात वर्गणीदार मिळवण्यासाठी पत्रांसोबत पेनीची नाणी पाठवली होती. पैसा नजरेला पडला की माणूस पाकीट केरात टाकू शकत नाही. हे वाचले तेव्हा मला हसू आले, कारण आहेराच्या पाकिटावर रुपयाचे नाणे आपल्याकडे केव्हापासून चिकटवले जाते. मात्र दोन्ही नाण्यांत फरक आहे. आहेराचा रुपया आतली रक्कम शंभराची एकशे एक करतो. देण्याघेण्याचा हिशेब बंद न होता पुढे चालू राहावा, असा त्याचा संकेत. अमेरिकेतल्या पेनीचे काम घेणाऱ्याच्या मनात संकोच निर्माण करण्याचे. या शास्त्राच्या इतर युक्त्याही अशाच: छापील अक्षर हस्ताक्षरासारखे दिसेल असे करणे, सरकारी पाकिटाचा रंग घेणे, तांबड्या शाईत 'तातडीचे' म्हणणे, आत काहीतरी जाडसर घालून बोटांना कुतूहल लावणे. प्रत्येक युक्ती कुठल्यातरी खऱ्या पत्राची खूण उसनी घेते आणि वापरून वापरून ती झिजवते. अभिनंदनाची दहा खोटी पाकिटे पाहिलेला माणूस अकराव्या खऱ्या अभिनंदनावरही विश्वास ठेवत नाही.

खूण कशी विटते, आणि भीतीची खूण कशी घर करते, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिले आहे. ते शेतकरी होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून आमच्या घरी कर्ज देणाऱ्या संस्थेची पाकिटे येऊ लागली: खाकी किंवा पांढरी, पुढच्या बाजूला पारदर्शक खिडकी, खिडकीतून दिसणारे टंकलिखित नाव. वडील इतर सगळी पत्रे वाचून खुंटीच्या तारेत टोचून ठेवत. खिडकीची पाकिटे मात्र न फोडता देवळीत जात. त्यांना वाचता येत होते आणि आत काय असणार हेही ठाऊक होते. पाकीट फोडले की पत्र 'मिळाले' असे होते. न फोडलेले पत्र अजून वाटेत असते, अशी काहीतरी त्यांची समजूत असावी. २००८ साली केंद्राची शेतकरी कर्जमाफी झाली, तेव्हा त्यासंबंधीचे पत्रही तशाच खिडकीच्या पाकिटातून आले आणि कितीतरी दिवस त्याच देवळीत, इतरांच्या पोटात पडून राहिले. सुटकेची बातमी धाकाच्या पाकिटातून आली, म्हणून ती घरात असूनही पोचली नाही. संप्रेषणाच्या सिद्धांतावर मी पुढे बरीच पुस्तके वाचली. या देवळीपुढे त्यांतले फारसे काही टिकले नाही.

हे सगळे संचित एकदम उपयोगाला आले ते २०२२ साली. त्या जुलैत कुरुंद्याला अतिवृष्टी झाली, पाणी गावात शिरले, घराघरांतले धान्य आणि कागद भिजले. गावात आमच्या एका निवृत्त गुरुजींनी आयुष्यभर जमवलेली पुस्तके एका खोलीत मांडून ठेवली होती. नोंदणी नाही, फलक नाही, अनुदान नाही. सायंकाळी दार उघडे असे आणि ज्याला हवे तो पुस्तक नेई. मीही त्याच खोलीतून मराठी साहित्यात शिरले. पाणी ओसरल्यावर खालचे तीन फळ्यांवरचे ग्रंथ विटांसारखे एकमेकांना चिकटलेले सापडले. खोली पुन्हा उभी करायची तर गावाबाहेर गेलेल्यांना लिहावे, असे ठरले. मोबाईलवर निरोप फिरवून झाला होता. त्याला जोडलेल्या हातांची चिन्हे पुष्कळ आली, पण पुस्तक एकही आले नाही. गुरुजी म्हणाले, "निरोप सगळ्यांना जातो म्हणून कोणालाच जात नाही. पत्र एकाला जाते. पत्रे पाठवू."

पत्राचा मजकूर तासाभरात तयार झाला. पाकिटावर आमचे तीन दिवस गेले. नांदेडच्या छापखान्यातल्या तरुणाने उत्साहाने नमुने आणले. खिडकीचे पाकीट स्वस्त पडते, पत्ता वेगळा लिहावा लागत नाही, असे त्याचे म्हणणे. माझ्या डोळ्यांपुढे देवळी आली आणि मी नको म्हटले. कुरुंद्याहून बाहेर पडलेल्या माणसांपैकी कितीजणांच्या घरी तशी देवळी असेल, कोण जाणे. त्याने मग हस्ताक्षरासारखा फाँट सुचवला. दुरून तो फसवत होता. जवळून पाहिले की प्रत्येक 'क' दुसऱ्या 'क'सारखा हुबेहूब, आणि माणसाच्या हातून दोन 'क' सारखे निघत नाहीत. 'तातडीचे' छापण्याची सूचनाही आली. गुरुजींनी विचारले, "भिजलेली पुस्तके आता आणखी काय भिजणार आहेत? तातडी कसली?"

खरा वाद झाला तो हळदीकुंकवावरून. गावातल्या एका कार्यकर्त्या मंडळींचे म्हणणे असे की चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावावे. असे पाकीट जगाच्या पाठीवर कुठलाही मराठी माणूस न फोडता टाकणार नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे निर्विवाद होते. शिवाय वाचनालय उभारणे हे मंगल कार्यच, असाही युक्तिवाद होता. गुरुजींना तो पटला नाही. ते म्हणाले, "हळदीचे बोट पाहून घरातली बाई हसत हसत पाकीट फोडील, आणि आत पुराची गोष्ट निघेल. तिचे ते हसू आपण फुकट घेतले असे होईल. त्याहून सरळ कोपरा फाडून पाठवा, तेही वाचतील." त्यानंतर त्या विषयावर कोणी बोलले नाही. संकेत ही सामाईक मालमत्ता असते; एकाने आपल्या सोयीसाठी ती वापरली की सगळ्यांची थोडी थोडी कमी होते, हे गुरुजींना म्हणायचे होते. अलंकारशास्त्र शिकवताना रूढ संकेत आणि त्याचा गैरवापर यांतला भेद मी अनेकदा समजावला आहे, पण तो इतक्या थोड्या शब्दांत मला मांडता आलेला नाही.

शेवटी साधी पांढरी पाकिटे घेतली. पत्ते शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी हाताने लिहिले. पाच रुपयांचे तिकीट प्रत्येकावर वेगळे चिकटवले. शिक्का मारून पैसे भरण्याची सोय आम्ही घेतली नाही. डावीकडे खाली, 'प्रेषक' या शब्दाखाली गुरुजींचे नाव आणि 'मु. पो. कुरुंदा' एवढेच.

यादी करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गुरुजींच्या वहीत गावाबाहेर गेलेल्यांची जी नावे होती ती सगळी पुरुषांची होती. नोकरीसाठी नांदेड, परभणी, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथे गेलेले, एकदोन परदेशी. पण गावाबाहेर सर्वांत जास्त संख्येने जातात त्या मुली. त्या खोलीतून पुस्तके नेणाऱ्यांतही त्या पुष्कळ होत्या. त्यांचे पत्ते कोणाकडेच नव्हते, कारण लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, कित्येकींची नावेही बदललेली, आणि पत्त्यावर तिचे जुने नाव घातले तर तिथला पोस्टमन ओळखणार नाही. गावाला ज्या नावाने ती माहीत आहे त्या नावाने ती सापडत नाही आणि ज्या नावाने सापडते ते गावाला माहीत नाही. 'अमक्याची मुलगी, तिकडे वसमतकडे दिलेली' एवढीच नोंद लोकांच्या तोंडी. आम्ही मग घरोघर गेलो. आया, भावजया, मामेबहिणी यांच्याकडून एकेक पत्ता जुळवला. कोणी तो रेशनकार्डाच्या झेरॉक्सवरून सांगितला, कोणी राखीच्या जुन्या पाकिटावरून. राखीची पाकिटे बायकांनी फेकलेली नव्हती. साहित्याच्या संपादकांनी जे जपले नाही ते त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपले होते.

पाकिटावर सासरचेच नाव घालणे भाग होते. मुलींनी विचारले, आत माहेरचे नाव घालायचे का? घातले. 'सौ.' आणि 'श्रीमती' यांचा निर्णय मात्र करता येईना. कोणाचे काय झाले असेल हे आम्हांला सर्वत्र ठाऊक नव्हते. चांगदेवांची अडचण ती हीच. आम्ही दोन्ही गाळले आणि नुसते नाव लिहिले.

उत्तरे आली. ती किती आली याचा हिशेब मांडून मी पाकिटांविषयी सिद्धांत करू इच्छित नाही. तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. आलेल्यांत बायकांची अधिक होती, एवढे सांगते. एकीने लिहिले होते की घरात टपाल सासरे फोडतात, पण कोपऱ्यातले 'कुरुंदा' वाचून त्यांनी ते न फोडता तिच्या हातात दिले. दुसरीने पुस्तकांऐवजी पाचशे रुपये आणि त्यांच्या वर एक रुपया पाठवला होता. तिसरीने लिहिले, की लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत तिच्या एकटीच्या नावाने माहेराहून आलेले हे पहिले पत्र. इतर सगळी नवऱ्याच्या नावाने येत. हे पत्र मी दोनदा वाचले. पाकीट फोडायला लावणारी गोष्ट कोणती, याविषयी छापखान्यातल्या तरुणाला आणि मला जे ठाऊक नव्हते ते तिथे लिहिलेले होते. माणूस पाकीट फोडतो तो बाहेरच्या नावात स्वतःला ओळखतो म्हणून. बाकीच्या युक्त्या या ओळखीची नक्कल करतात.

त्यानंतर टपालाचेच जग झपाट्याने बदलले. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक-पोस्टाची सवलत बंद झाली, तेव्हा टपालाने पुस्तके पाठवणाऱ्यांची पंचाईत झाली. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' या नावाने पुस्तकांसाठी स्वतंत्र सेवा आली. २०२५ मध्येच रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आणि ज्या 'रजिस्टर'च्या नुसत्या नावाने आमच्या घरात शांतता पसरे ते नाव इतिहासजमा झाले. पुढच्या पिढीचे विद्यार्थी फोडण्याचे क्रियापद पत्राला लावतील असे वाटत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र तोच आहे, आणि अधिक बिकट आहे: पडद्यावर दिवसभर उगवणाऱ्या शेकडो निरोपांतला कोणता आपला, हे कोणत्या खुणेवरून ओळखायचे? त्या सगळ्यांचे अक्षर एक, रंग एक, आणि कोपरा कोणाचाच फाटलेला नाही.

खोलीत आता फळ्या जमिनीपासून पुष्कळ उंचावर ठोकल्या आहेत. खालच्या जागेत काही ठेवत नाहीत. दाराजवळच्या खुंटीला गुरुजींनी एक तार अडकवली आहे. आलेली उत्तरे तिच्यात आहेत. त्यांच्या वर, वेगळ्या गठ्ठ्यात, परत आलेली आमचीच काही पाकिटे आहेत. कोणावर 'पत्ता अपूर्ण', कोणावर 'सोडून गेले', एकावर नुसतेच 'मयत' असे निळ्या शाईत लिहिलेले. आत काय आहे हे आम्हां सर्वांना तोंडपाठ आहे आणि आतल्या कागदाची पाठ कोरी असल्याने तो वापरताही आला असता. मध्यंतरी एका मुलाने तसे सुचवले. गुरुजी म्हणाले, "राहू दे. ती पत्रे त्यांची आहेत."